कुंतीच्या कुंपणातली वाट

माझ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला बाग दाखवत होते, तेव्हा तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या कुंपणाचा दात पडलाय का?" सगळे हसले, मीही हसले. मग तुमचे बाबा म्हणाले, "आई, ती फट अजून तशीच? मी इथून ऑर्डर करतो. नर्सरीवाले येऊन चांगलं वाढलेलं रोप लावून जातील, तुला उठायलाही नको." त्यावर मी "नको" म्हणाले, ते जरा जास्तच जोरात. मग कुणीतरी हवेचा विषय काढला.

तो "नको" कशासाठी होता, ते सांगायला हे लिहिते आहे. आत्ताच लिहिते, कारण तुमच्या बाबांच्या मनात एक गोष्ट आली की ती दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहते. शिवाय उद्या मी नसले तर या घरात जो कोणी येईल तो सगळ्यात आधी ती फट बुजवेल. नीटनेटक्या माणसाला कुंपणातली फट बघवत नाही. मलाही बघवत नव्हती.

तुम्हाला अक्काआजी आठवते ती फणसाखालच्या वेताच्या खुर्चीत बसलेली, पांढऱ्या लुगड्यातली. ती तुमच्या आजोबांची थोरली बहीण. वयाच्या विशीच्या आत लग्न झालं, वर्ष भरायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. तेव्हापासून मल्लेश्वरमचं हे घर तिने सोडलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या खालोखाल घरात त्यांचाच शब्द चाले. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. तुमचे आजोबा गेल्यावर या घरात आम्ही दोघीच राहिलो. एक नणंद, एक भावजय, दोघी म्हाताऱ्या. आमचं बरं चाललं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि पुढे इंग्रजी शाळेतच शिकवलेली, म्हणून अक्का मला चिडवायच्या, "हिला आधी इंग्रजीत भूक लागते, मग मराठीत जेवते."

आपल्या घराच्या पश्चिमेला पूर्वी असंच एक बैठं घर होतं. तिथे एक कन्नड कुटुंब राहत असे. त्या घरच्या मामी अक्कांच्याच वयाच्या. दोन घरांच्या मध्ये मेंदीचं जुनं, कमरेच्याही वर गेलेलं कुंपण होतं आणि त्यात एक लहानसं लाकडी फाटक. दुपारची कामं उरकली की मामी फाटकाच्या कडीवर हातातली वाटी वाजवत: दोनदा लागोपाठ, मग जरा थांबून एकदा. आवाज आला की अक्का हातातलं काम टाकून जात. ताक, कढीलिंब, विरजण, गप्पा. हे मी इतकी वर्षं बघितलं की दुपारच्या चहाइतकं ते नेहमीचं झालं होतं.

मग मामींच्या मुलाने घर बिल्डरला दिलं आणि मामींना घेऊन तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. घर पडलं. मेंदी उपटली गेली. हद्दीवर उंच भिंत आली. फाटक होतं तिथेही विटा रचून गिलावा केला, पण त्या तुकड्याचा रंग बाकीच्या भिंतीशी कधी जुळलाच नाही. पावसात तो तुकडा आधी ओला व्हायचा आणि सगळ्यात शेवटी वाळायचा. फाटकाखालची दगडी पायरी मात्र अर्धी भिंतीखाली गेली आणि अर्धी आपल्या बाजूला राहिली.

भिंतीपलीकडे इमारत उभी राहिली. काम पूर्ण झालं, पण कुठल्या तरी परवानगीवरून अडलं आणि ती बराच काळ रिकामीच पडून होती. नव्या काचांवर कामगारांनी खडूने फुल्या मारल्या होत्या. आपल्या बागेवर रोखलेल्या सगळ्या खिडक्या, प्रत्येकीवर पांढरी फुली, आणि आत कोणी नाही.

अक्कांनी बागेत जाणं सोडलं.

आधी म्हणाल्या, ऊन फार आहे. मग म्हणाल्या, गार आहे. शेवटी खरं कारण बाहेर पडलं. "तिथे बसलं की बघतात."

"कोण बघतात? इमारतीत माणूस नाही, अक्का. वॉचमनसुद्धा पुढच्या बाजूला बसतो."

"माणूस नाही ते मलाही दिसतंय. माणूस असता तर मी तोंड फिरवलं असतं. तू सांग, कोणीच नाही तर तोंड कुणाकडून फिरवू?"

मी एकदा त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं. खरं सांगते, मलाही फार वेळ बसवलं नाही. कुणी बघत असेल तर आपल्याला कळतं. इथे कळत काहीच नव्हतं, नुसतं वाटत होतं.

अक्का मधल्या खोलीत पडदा ओढून बसू लागल्या. त्या खोलीत दिवसाही दिवा लागतो. हळूहळू त्यांचे पाय जड झाले, रंग पिठासारखा झाला, बोलणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, यांना औषधापेक्षा ऊन आणि चालणं हवंय, नाहीतर या अंथरूण धरतील, आणि या वयात धरलेलं अंथरूण सुटत नाही. म्हणजे अक्कांना बागेत परत न्यायचं, नाहीतर त्या हातच्या जाणार. एवढा साधा हिशेब होता. त्या महिन्यापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता: कुंपण.

मी ते माझ्या पद्धतीने हाती घेतलं. अक्कांच्या खुर्चीत बसले, डोळ्याच्या उंचीवर सुतळी धरली आणि माळ्याला दुसरं टोक काठीवर उंच धरून मागे मागे जायला लावलं. कळलं ते असं की भिंतीलगत लावलेलं कुंपण इमारतीइतकं उंच केलं तरच उपयोग. तेच खुर्चीच्या जवळ आणलं तर दीड पुरुष उंचीत खालचे मजले झाकतात, आणि वरच्यांची काळजी फणसाच्या फांद्या घेतात. म्हणून कुंपण भिंतीपासून अलीकडे घ्यायचं ठरवलं. भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एक माणूस चालेल एवढी बोळ उरणार होती. "छाटायला जागा राहील," मी म्हणाले. त्या बोळीचा दुसरा काही उपयोग माझ्या मनात आला नव्हता.

मग झाड कुठलं? बारा महिने हिरवं हवं, खालपासून दाट हवं, कात्री सोसणारं हवं आणि तुम्ही सुटीत आलात तर तोंडात घातलं तरी बाधणार नाही असं हवं. एवढ्या अटी मी नर्सरीत सांगितल्या. घरी येऊन अक्कांना एकेक नाव वाचून दाखवलं, कारण शेवटी बसणार त्या होत्या.

"बांबू लवकर वाढतो," मी म्हणाले.

"वाऱ्यात कुरकुरतो. भरदुपारी कुणीतरी दार ढकलतंय असं वाटतं. नको."

"अशोक, उंच सरळ वाढणारा?"

"खाली नुसते खांब. इस्पितळाच्या दारात असतो तो. मला एवढ्यात जायचं नाही."

"मोरपंखी?"

"ती होसूर रोडच्या बाजूला दफनभूमीत बघितलीय. ओळीने उभी असते, कुणाची तरी वाट बघत. छे गं, स्वल्प तरी विचार कर."

दुरांता मी स्वतःच खोडला, त्याची पिवळी फळं मुलांनी खाऊ नयेत म्हणून. कण्हेरही त्याच कारणाने. फायकसची मुळं भिंती उचलतात. मग मी म्हणाले, "पूर्वीसारखी मेंदीच लावू या. इथली माती तिला मानवते."

अक्का खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिल्या. "मेंदी नको. ती उपटली तेव्हा मी इथून बघत होते. मुळं लाल निघाली."

"माती लाल आहे, अक्का."

"माती मीही ओळखते," त्या म्हणाल्या. "एकदा होती ती होती. पुन्हा तिथे मेंदी नको."

शेवटी उरली कुंती. गडद चकचकीत पानं, दाट, संथ वाढणारी, पावसानंतर पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरणारी. अक्कांना पान हातात दिलं. त्यांनी ते चुरगळून वास घेतला.

"फुलं पांढरी ना? मग सरी, चालेल. पांढऱ्याला कुणी नावं ठेवणार नाही," म्हणाल्या आणि स्वतःच्या लुगड्याकडे बघून हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

मी कमरेएवढी वाढलेली रोपंच आणवली. दोरी ताणून, फूटपट्टीने सारखं अंतर मोजून माळ्याकडून लावून घेतली. अक्का खिडकीतून बघत होत्या. "शाळेची प्रार्थनेची रांग," त्या म्हणाल्या. "एकही मूल हलायचं नाही!" मला वाटलं, ही कौतुकाची थट्टा आहे.

कुंती सावकाश वाढली, पण वाढली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रोपं एकमेकांत मिसळली, उन्हाळ्यापर्यंत माझ्या डोक्याच्या वर गेली आणि एका सकाळी मी खुर्चीत बसून बघितलं तर समोर फक्त हिरवं होतं. एकही फुली दिसत नव्हती. मी आत जाऊन अक्कांचा हात धरला. त्या उंबऱ्यावर थबकल्या, वर बघितलं, मग पाऊल टाकलं. त्या दिवशी त्या खुर्चीत थोडा वेळ बसल्या. दुसऱ्या दिवशी जरा जास्त. महिन्याभरात काठी घेऊन बागेत एकट्या फिरू लागल्या. गालांवर रंग आला. माझा जीव भांड्यात पडला.

फक्त बाग बदलली होती. दाट कुंपण नजर अडवतं, तसा आवाजही अडवतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. रस्त्यावरच्या रिक्षा, भाजीवाल्याची हाक, सगळं लांब गेलं. पाखरं कुंपणात शिरत आणि गप्प होत. दुपारी बाग पाण्याखाली असल्यासारखी वाटे. आणि कुंपणामागच्या त्या बोळीत मी कधी छाटणीला गेले, की बाहेर आल्यावर बागेतलं ऊन फार मोठं वाटायचं.

मग आता जिथे फट आहे तिथलं रोप वाळलं. रांगेतलं एकच, आणि त्याच्या दोन्ही बाजूची तरारलेली. मी ते काढलं, माती बदलली, नवं लावलं. पावसाळा होता, मरायचं काहीच कारण नव्हतं. त्याचीही पानं कडेने तपकिरी झाली आणि गळली. मी खोल खणून बघितलं. बांधकामाचा चुना असेल, सिमेंट असेल, म्हणून पाहिलं. काही नव्हतं. मातीला फक्त आंबूस वास होता. तिसरं रोपही गेलं, तेव्हा माळी म्हणाला, "अम्मा, राहू द्या ना. त्या जागेला नको असेल." मी त्याला सांगितलं, जागेला काही नको-हवं नसतं.

पण ती जागा जुन्या फाटकासमोर होती. हे मला तेव्हा कळलं, बोळीत उभी राहून मागे वळले तेव्हा. समोर फट आणि पाठीशी भिंतीचा तो वेगळ्या रंगाचा तुकडा, एका रेषेत. दोरी ताणून रांग धरताना मी भिंतीकडे बघितलंच नव्हतं.

त्याच सुमारास मी अक्कांना बोलताना ऐकलं.

तुम्हाला माहीत आहे, आपल्या घरात मराठी बोलतात, कितीही कन्नड मिसळलेली असली तरी मराठीच. अक्का देवाशी मराठीत बोलत, मांजरीशी मराठीत बोलत. त्या दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत होते आणि कुंपणामागून अक्कांचा आवाज आला. त्या कन्नड बोलत होत्या. हळू, मध्येच थांबून, मग "हौदा?" म्हणून हसून पुन्हा पुढे. "हौदा" म्हणजे "हो का?" समोरून उत्तर आल्याशिवाय कुणी असं म्हणत नाही. अक्का कन्नड फक्त एका माणसाशी अशा सुरात बोलत, आणि त्या मामी के. आर. पुरमलाच वारल्या होत्या. कुंपण लावलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. तो फोन अक्कांनी स्वतः घेतला होता. ऐकून, फोन जागेवर ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "गेली." आणि भाजी चिरायला बसल्या होत्या. म्हणजे अक्कांना ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "कुणाशी बोलत होता?"

"बोलतेय कुठे? म्हातारीची वटवट."

मी तांदूळ उचलून आत गेले. पण काही दिवसांनी, अक्का न्हाणीघरात असताना, मी एकटी पडवीत होते आणि भिंतीच्या बाजूने आवाज आला. टिक-टिक. मग जरा थांबून, टिक. मी तांदळात हात तसाच ठेवून बसून राहिले. पुन्हा आला. पाण्याचा पाइप असेल, मी स्वतःला सांगितलं. गरम झालेला पाइप आवाज करतो. न्हाणीघरातून अक्कांनी हाक मारली, "अगं, बाहेर जाऊन बघ गं जरा!" मी "हो" म्हटलं आणि बाहेर गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी पदर खोचला आणि सरळ रस्त्याने वळसा घालून इमारतीत गेले. तोपर्यंत तिथे कुटुंबं राहायला आली होती. वॉचमन ओडिशाकडचा, मोडक्या कन्नडमध्ये आणि हिंदीत बोलणारा. त्याला म्हटलं, शेजारच्या घरातली आहे, आपल्या बाजूला भिंतीत ओल येते, ती पलीकडून बघायची आहे. तो मला मागे घेऊन गेला. भिंतीलगत गाड्यांची रांग, प्रत्येक जागेवर पिवळ्या रंगात फ्लॅटचा नंबर. पाइप नव्हता. पंप पार दुसऱ्या टोकाला होता. एक जागा रिकामी होती. तिच्यामागे भिंतीवर तो वेगळा तुकडा या बाजूनेही दिसत होता.

"इधर कोई नहीं लगाता, मॅडम," वॉचमन म्हणाला. "रात को लगाओ, सुबह बॅटरी डाउन. दो-तीन जनों का हुआ. वो साहब अब बाहर रोड पे लगाते हैं."

"इथे काही होतं का पूर्वी?" मी विचारलं.

"मालूम नहीं. हम तो नये हैं." मग त्याने उलट मला विचारलं, "कुछ था क्या?"

मी म्हणाले, "एक फाटक होतं." तो एक पाऊल मागे सरकला. मीही तिथे थांबले नाही.

रोपांचं कोडं लगेचच सुटलं. एका सकाळी स्वयंपाकघरात मी भाताची पेज शोधत होते. आपल्याकडे भात वेळून त्याची पेज बाजूला ठेवतात, अक्का ती मीठ घालून पीत. अलीकडे पेज नेहमी संपलेली असे. मागच्या दाराने बघते तर अक्का काठी टेकत चालल्यात, दुसऱ्या हातात पातेलं, त्यातून वाफ निघतेय. फटीपाशी थांबल्या आणि मी नव्याने लावलेल्या चौथ्या रोपाच्या मुळाशी ती उकळती, मिठाची पेज हळूहळू ओतली. एखाद्याला पाणी पाजावं तशी.

"अक्का!"

त्या दचकल्या नाहीत. "ओरडू नकोस. सांडेल."

"म्हणजे तुम्ही मारत होता?"

"मग काय आपोआप मरतंय? तुझी माती चांगली आहे." पातेलं त्यांनी माझ्या हातात दिलं. "आधी सांगायला हवं होतं, पण तुझी रांग इतकी सरळ झाली होती. तोडायला जीव होईना. आणि सांगितलं असतं तर तू कारण विचारलं असतंस."

"विचारते आहे."

त्या मला फटीतून बोळीत घेऊन गेल्या आणि त्या अर्ध्या पायरीवर बसल्या. मी उभी राहिले. कुंपणाच्या पानांतून पडणारा उजेड हिरवा होता आणि त्यांचं लुगडंही हिरवं दिसत होतं. तिथे बसून त्यांनी सांगितलं ते इतकी वर्षं या घरात राहूनही मला ठाऊक नव्हतं.

इथे गणपतीच्या आदल्या दिवशी गौर असते. त्या दिवशी सवाष्णी एकमेकींना सुपातून वाण देतात. इथल्या बोलीत त्याला बागिना म्हणतात. एका सुपात तांदूळ, डाळी, गूळ, नारळ, हळदकुंकू, फणी, आरसा, हिरव्या बांगड्या. त्यावर दुसरं सूप झाकायचं आणि पदराखाली धरून द्यायचं. आपलं मराठी घराणं तीनशे वर्षं इथे आहे, त्याने हे इथूनच उचललं. विधवेला बागिना देत नाहीत, घेऊ देत नाहीत. अक्का माहेरी परत आल्या त्या वर्षी गौरीला सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या आईने, त्यांना मधल्या खोलीत बसायला सांगितलं होतं. पाहुण्या बायकांच्या नजरेला पडायला नको म्हणून. त्याच मधल्या खोलीत.

आणि त्या दुपारी फाटकाची कडी वाजली. दोनदा, मग एकदा. मामी नव्यानेच लग्न होऊन आल्या होत्या, दोघींची अजून धड ओळखही नव्हती. मेंदीच्या आडोशाला उभ्या राहून त्यांनी अक्कांना बागिना दिला. आणि अक्कांचे हात धरून त्यांत हिरव्या बांगड्या भरल्या.

"मी म्हटलं, अगं, मला चालत नाही. तर म्हणाली, 'इल्लि यारू नोडल्ल.' इथे कुणी बघत नाही." अक्कांनी पायरीवरून हात फिरवला. "मेंदी दाट होती. खरंच कुणी बघत नव्हतं. आत येण्याआधी मी बांगड्या काढून तिला परत द्यायची. पुढच्या वर्षी त्याच. मापही तेच. तू आलीस, आई गेली, भाऊ गेला, काळ बदलला. तू काही म्हणाली नसतीस, मला माहीत होतं. पण आमचं ते तिथेच होतं. कुणी बघत नसताना."

मी म्हणाले, "त्या आता नाहीत, अक्का."

"फोन मीच घेतला होता गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर वाट ठेवलीय. पूर्वी ती रस्त्यानेही येऊ शकायची."

मी चौथं रोप उपटलं. त्यानंतर तिथे काही लावलं नाही.

त्या वर्षीच्या गौरीला सकाळपासून भुरभुर पाऊस होता. अक्कांनी मल्लेश्वरमच्या बाजारातून माझ्याकडून दोन नवी सुपं आणवली. बागिना स्वतः भरला. बांगड्या मात्र आणू दिल्या नाहीत. "त्या तिच्याकडे आहेत," म्हणाल्या. मला वाटलं, विसरल्या. दुपारी सूप पदराखाली धरून त्या काठीशिवाय फटीतून आत गेल्या. मी पडवीत बसले. बोलण्याचा आवाज आला, पावसात नीट कळत नव्हता. कडीचा आवाज आला का, हे मी नक्की सांगू शकत नाही. कुंती नुकती फुलली होती आणि तिचा वास त्या दिवशी फार दाट झाला होता, खोकला यावा इतका.

अक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. नाही, रिकामे नव्हते. दोन्ही मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, जुन्या, बारीक, सोनेरी ठिपक्यांच्या. पावसाने भिजलेल्या त्या हातांनी त्या माझ्यासमोरून पडवीत आल्या, उंबरा ओलांडून आत गेल्या आणि पुढच्या बैठकीत, रस्त्याकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या. मधल्या खोलीत गेल्या नाहीत.

"कुणी भरल्या?" मी विचारलं.

"कोण भरणार? नेहमीचीच."

"काढायच्या ना?"

"यंदा म्हणाली, राहू दे."

मी नंतर बोळीत जाऊन बघितलं. पायरीवर दोन्ही सुपं एकात एक ठेवलेली, रिकामी. नारळ नव्हता, गूळ नव्हता, फणी-आरसा नव्हता. आपल्याकडे माकडं येतात, तुम्हाला माहीत आहे. माकडं नारळ नेतात, गूळ नेतात. आरसाही नेत असतील. पण अक्कांच्या बोटांची पेरं संधिवाताने गाठींसारखी झाली होती. त्यांना साधी अंगठी घालता येत नसे. मी एकदा त्यांना झोप लागलेली असताना एक बांगडी हलकेच पुढे सरकवून बघितली. ती अंगठ्याच्या हाडाशीच अडली. साबण लावूनही सरकली नसती. त्या बांगड्या तशा हातात कशा शिरल्या हे मला आजवर समजलेलं नाही. कदाचित मामी घर सोडून जाताना त्या अक्कांनी जपून ठेवल्या असतील आणि कुठल्या तरी युक्तीने स्वतःच भरल्या असतील. मी हे उत्तर स्वतःला पुष्कळदा देऊन बघितलं आहे.

त्यानंतर अक्का पुष्कळ काळ चांगल्या होत्या. रोज बागेत बसत, रोज वाटेने बोळीत जाऊन येत. जाणारे-येणारे त्यांच्या मनगटांकडे बघत, आणि त्या खुशाल बघू देत. गेल्या उन्हाळ्यात, एका दुपारी, खुर्चीतच त्यांचा डोळा लागला आणि उघडला नाही. तोंड फटीकडे होतं.

नातेवाईक जमले. आंघोळ घालताना एक बाई हळूच म्हणाल्या, "या हिरव्या बांगड्या? यांच्या हातात?" दुसरी म्हणाली, "निघत नाहीत गं. काच आहे, फोडा."

मी आयुष्यभर नातेवाइकांशी मृदू बोलले आहे. त्या दिवशी म्हणाले, "कुणी हात लावायचा नाही." अक्का बांगड्यांसकट गेल्या.

तेव्हापासून भिंतीचा आवाज मी ऐकलेला नाही. वॉचमन परवा रस्त्यात भेटला. म्हणाला, त्या जागेवर आता एक पांढरी गाडी रोज लागते, बॅटरीचं काही होत नाही.

आता तुमच्या बाबांना हे वाचून दाखवा आणि ऑर्डर करू नका म्हणून सांगा. तिथे आता कुणी येतं असं मी म्हणत नाही. पण ती वाट मी ठेवलेली नाही, ज्यांनी ठेवली त्यांची ती आहे, आणि रांग सरळ दिसावी एवढ्यासाठी ती बुजवण्याचा अधिकार मला नाही, तुमच्या बाबांनाही नाही.

कुंती उत्तम आहे. यंदा दोनदा फुलली. दोन सुपं स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगलेली आहेत. बोळीत अर्धी पायरी आहे, आणि तिच्याकडे जाणारी वाट एका माणसापुरती मोकळी आहे.